भिंत गेली, पडदा आला



आमच्या हर्नडनला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता विचारतात, "इथे बघायला काय आहे?" वॉशिंग्टन अर्ध्या-पाऊण तासावर आहे हे खरं, पण खुद्द हर्नडनमध्ये? जुनं रेल्वे स्टेशन आहे, त्याच्या शेजारून सायकलवाल्यांची ट्रेल जाते, आणि डलेसचा विमानतळ इतका जवळ की मित्रमंडळींच्या सासू-सासऱ्यांना आणायला जाण्याचं पुण्य आमच्याच पदरी पडतं. संपली यादी.

माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर मात्र हे गाव भलतंच श्रीमंत आहे. आमच्या भागातल्या नळांना येणारं पाणी पोटोमॅक नदीतून उचलून गावाच्या उत्तरेकडच्या कॉर्बालिस केंद्रात शुद्ध होतं. दिवसाला साडेबावीस कोटी गॅलनची त्याची क्षमता. १९९४ पासून २०११ पर्यंत साऱ्या अमेरिकेच्या विमानवाहतुकीवर देखरेख करणारं एफ.ए.ए.चं कमांड सेंटर हर्नडनमध्येच होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी आकाशातली सुमारे साडेचार हजार विमानं उतरवण्याचा हुकूम सुटला तो इथून. (आता ते सेंटर वॉरेंटनजवळ गेलं आहे.) १५ नोव्हेंबर २०२२ ला मेट्रोची सिल्व्हर लाईन एकदाची आमच्या गावात पोचली. आणि पश्चिमेला लाउडन काउंटीत डेटा सेंटर्सच्या त्या अवाढव्य, बिनखिडक्यांच्या पेट्या मैलोन् मैल पसरल्या आहेत, हे तुम्ही रूट २८ वरून जाताना पाहिलंच असेल.

या सगळ्यांच्या पोटात कुठेतरी एक खोली असते. कंट्रोल रूम. तिथे रात्री तीन वाजता एक-दोन माणसं चार-सहा स्क्रीन्सपुढे बसलेली असतात. कॉफी गार झालेली असते. त्यांच्या हाताखाली पंप, व्हॉल्व्ह, चिलर, गाड्या, वीज असं काहीतरी चालू असतं, आणि आपण झोपलेलो असतो. त्या माणसांच्या पुढ्यात जे स्क्रीन असतात, त्यांवर काय दिसावं आणि एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर कसं जाता यावं, हे ठरवायचं माझं काम. गेली वीस वर्षं तेच करतो आहे. पुण्याच्या आत्याला हे समजावताना माझी पंचाईत होते. "म्हणजे तू टी.व्ही. बनवतोस का रे?" असं तिने दोनदा विचारलंय. तेव्हा या वेळच्या सदरात आत्याला आणि तुम्हाला एकदमच सांगून टाकतो.

एका मध्यम आकाराच्या कारखान्यात किंवा पाण्याच्या केंद्रात मोजण्याच्या गोष्टी काही हजार असतात. कुठे किती दाब, किती तापमान, कोणता पंप चालू, कोणती टाकी किती भरली. एका स्क्रीनवर माणसाला वाचता येईल अशा बेताने यातल्या शंभर-दीडशे मावतात. म्हणजे बरेच स्क्रीन्स करावे लागतात, आणि ऑपरेटरला एका वेळी दिसतात त्यातले चार. उरलेले कुठेतरी 'आत' असतात. तिथे पोचायचा जो रस्ता त्याला आम्ही नेव्हिगेशन म्हणतो. शब्द जहाजावरचा आहे आणि अगदी योग्य आहे, कारण या आतल्या समुद्रात माणसं खरोखर हरवतात.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण तेव्हा भिंत होती.

एम.एस.साठी इकडे येण्यापूर्वी दोन वर्षं मी रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात होतो. तिथे जुनं पॅनेल तेव्हा अजून जागेवर होतं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याची करडी भिंत, तिच्यावर गोल डायल, शाईच्या पेनांचे रेकॉर्डर, वरती अलार्मच्या चौकोनी खिडक्यांची रांग आणि कानठळ्या बसवणारा हूटर. कोणीतरी शहाण्या माणसाने एका ओळीतले डायल असे फिरवून बसवले होते की सगळं ठीक असलं की सगळे काटे सरळ वर. एखादा काटा कलला की दारातूनच दिसायचा. आकडा वाचायची गरजच नाही.

तिथे निवृत्तीला आलेले एक पॅनेल ऑपरेटर होते. अलिबागकडचे. शिफ्टला आले की दारात उभं राहून, चपला काढता काढता ते एकदा भिंतीवरून नजर फिरवायचे आणि आधीच्या शिफ्टवाल्याला म्हणायचे, "दोन नंबरचा कूलर कुरकुरतोय वाटतं." तो बिचारा तासभर त्याच भानगडीत असायचा. मग आमच्याकडे डी.सी.एस. आलं, म्हणजे पॅनेलची भिंत काढून संगणकाचे स्क्रीन. जगात हे १९७५ पासून सुरू झालं होतं. त्या एकाच वर्षी अमेरिकेत हनीवेलने आणि जपानमध्ये योकोगावाने अशी यंत्रणा बाजारात आणली. आमच्यापर्यंत ती यायला पंचवीस वर्षं लागली, इतकंच. नवी खोली गार, स्वच्छ, शांत. सगळे साहेब खूष. आठवड्याने मी त्या ऑपरेटरांना विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "साहेब, चांगलंच आहे. पण पूर्वी दारातनं आत आलं की कळायचं. आता विचारायला लागतं. आणि काय विचारायचं ते आधी ठाऊक पाहिजे."

पुढे इकडे युनिव्हर्सिटीत मी या विषयावर दोन कोर्स केले, डेव्हिड वुड्स या ओहायो स्टेटच्या प्राध्यापकांचे निबंध वाचले. त्यांच्या क्षेत्रात याला 'कीहोल इफेक्ट' म्हणतात: किल्लीच्या भोकातून खोली बघणं. वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठेतरी मराठीत ऐकलंय.

आत्यासाठी आणखी सोपं करून सांगतो. तुमच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' आहे ना? १९७३ पासून मराठी घरातल्या भिंतीवर ते आहे आणि आमच्या हर्नडनच्या फ्रिजशेजारीही आहे. तुम्ही दुधाचा हिशेब लिहायला त्याच्यापुढे उभे राहता आणि न शोधता दिसतं की परवा संकष्टी आहे. पुढच्या आठवड्यात लाल आकडा आहे. म्हणजे सुट्टी. कोणीतरी पेन्सिलीने 'डेंटिस्ट' लिहून ठेवलंय. आता हेच फोनवर आलंय आणि चंद्रोदयाची वेळ विचारली तर क्षणात सांगतं. पण विचारलं तर! परवा संकष्टी आहे हेच ज्याच्या लक्षात नाही, तो चंद्रोदय कशाला विचारेल? शिवाय भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटून मागे राशिभविष्य नि रेसिपी वाचता येतात. म्हणजे पुढे सगळा महिना, मागे तपशील. ज्याने हे मांडलं त्याला आमच्या धंद्यात मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती.

आता लगेच कोणी म्हणेल, मग जुन्या भिंतीच बऱ्या होत्या. तसंही नाही. हर्नडनहून अडीच-तीन तासांवर पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ थ्री माईल आयलंड आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारला तिथल्या दोन नंबरच्या अणुभट्टीत गडबड झाली तेव्हा कंट्रोल रूममध्ये भिंतीच भिंती होत्या. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र तो बंद झाल्यासारखं दाखवत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेला नव्हताच. 'बंद हो' हा हुकूम पाठवला गेला की नाही एवढंच तो सांगत होता. त्या व्हॉल्व्हमधून निसटणारं पाणी ज्या टाकीत जमत होतं तिचा दाब दाखवणारा काटा होता, पण तो मुख्य पॅनेलच्या पाठीमागे! उठून, वळसा घालून गेल्याशिवाय दिसणार नाही. दुसऱ्या एका महत्त्वाच्या दिव्यावर दुरुस्तीचा कागदी टॅग लोंबत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म वाजले आणि ते छापणारा प्रिंटर दोन तासांहून अधिक मागे पडला. शेवटी पहाटे सव्वासहाच्या सुमाराला, नुकत्याच आलेल्या शिफ्ट सुपरवायझरच्या ताज्या डोळ्यांना संशय आला आणि मागचा दुसरा व्हॉल्व्ह बंद झाला. तोवर गाभा वितळायला लागला होता.

(जाता जाता: तिथली एक नंबरची अणुभट्टी, जी अपघातात नव्हती, २०१९ मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू करण्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, आणि वीज विकत घेणार मायक्रोसॉफ्ट, डेटा सेंटर्ससाठी. म्हणजे हर्नडनच्या पश्चिमेला ज्या पेट्या दिसतात, तसल्याच पेट्यांसाठी.)

तेव्हा भिंत की पडदा हा वादच फुकट आहे. ज्या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही, त्या माणसाला एकत्र दिसतात का, हा खरा प्रश्न. भिंतीवर निदान सगळं एका खोलीत होतं, पाय मोकळे करायला उठलेला माणूस चुकून का होईना मागचा काटा पाहू शकत होता. पडद्यामागे गेलेली गोष्ट चुकून दिसत नाही.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात जीवघेणं उदाहरण टेक्सास सिटीचं. २३ मार्च २००५, बी.पी.ची रिफायनरी. रॅफिनेट स्प्लिटर नावाचा १७० फूट उंच मनोरा दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करत होते. मनोऱ्यात द्रव जात होता, आणि खालून बाहेर पडायला हवा होता तो पडत नव्हता. तीन तासांहून अधिक वेळ. कोणाही गृहिणीला विचारा, नळ चालू आणि मोरी तुंबलेली असेल तर काय होतं? आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा वॉचमन गच्चीवरच्या टाकीचं हेच गणित रोज करायचा: मोटर कधी लावली, पाणी किती चढलं.

पण त्या ऑपरेटरला हे गणित कसं दिसणार? मनोऱ्यात जाणारा प्रवाह एका स्क्रीनवर होता आणि बाहेर पडणारा दुसऱ्या स्क्रीनवर. दोन्हींची वजाबाकी करून दाखवणारं काही नव्हतं. पातळी मोजणारं उपकरण तळच्या नऊ-दहा फुटांपुरतंच होतं, आणि तेही बिघडलेलं. प्रत्यक्षात द्रव १५८ फुटांवर पोचला होता तेव्हा ते सुमारे आठ फूट दाखवत होतं. वर तो आकडा हळूहळू कमी होत होता! म्हणजे ऑपरेटर ज्या स्क्रीनवर होता तो त्याला सांगत होता, सगळं उत्तम आहे. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी स्फोट झाला. १५ जण गेले, १८० जखमी. गेलेले सगळे जवळच उभ्या केलेल्या ट्रेलर्समध्ये किंवा त्यांच्या आसपास होते.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २००७ मध्ये यावर जाडजूड अहवाल काढला. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तो वाचावा असं मी नवीन मुलांना सांगतो. त्यात स्क्रीनबद्दल लिहिलंय, बिघडलेल्या उपकरणांबद्दल, व्यवस्थापनाच्या काटकसरीबद्दल लिहिलंय, आणि हेही की तो बोर्ड ऑपरेटर बारा-बारा तासांच्या शिफ्ट सलग २९ दिवस करत होता आणि एकट्याने तीन युनिट्स बघत होता. अपघात झाला की वर्तमानपत्रात पहिल्या दिवशी 'मानवी चूक' असा मथळा येतो. तो शब्द मला फार खुपतो. ज्या माणसाला नळ एका खोलीत आणि मोरी दुसऱ्या खोलीत दाखवली, त्याला पूर का दिसला नाही असं विचारायचं म्हणजे कमाल आहे!

बरं, हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. अकरा वर्षं आधी, २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळ टेक्साकोच्या रिफायनरीत असंच घडलं होतं. सकाळी वीज पडून यंत्रणा विस्कळीत झाली, एक व्हॉल्व्ह बंद होता पण संगणक तो उघडा दाखवत होता, द्रव आत येत राहिला, आणि पाच तासांनी स्फोट. २६ जखमी झाले. रविवार असल्यामुळे माणसं कमी होती म्हणून निभावलं. शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे दर दोन-तीन सेकंदांना एक. ब्रिटिश तपासणी अधिकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं की सगळ्या प्रक्रियेचं एकत्र चित्र देणारा स्क्रीन हवा, आत किती आलं नि बाहेर किती गेलं याचा हिशेब त्यावर हवा. छापील शिफारस होती. टेक्सास सिटीपर्यंत ती पोचली नाही.

अलार्म जरा जास्त झाले तर काय होतं याचा आमच्या घरचा दाखला म्हणजे मेट्रो. २२ जून २००९ ला रेड लाईनवर फोर्ट टॉटन स्टेशनजवळ एक गाडी उभ्या गाडीवर आदळली. चालक आणि आठ प्रवासी गेले. (आमची सिल्व्हर लाईन त्या रुळांवरून जात नाही, घाबरू नका.) रुळावर गाडी उभी आहे हे ओळखणारं सर्किट बिघडलेलं होतं. अशा सर्किट्सच्या तक्रारी कंट्रोल सेंटरच्या संगणकावर येत होत्या, पण किती? आठवड्याला सुमारे आठ हजार. भागाकार करून पाहा: रात्रंदिवस, दर सव्वा मिनिटाला एक. आलेला प्रत्येक अलार्म 'पाहिला' म्हणून पुसायचा. माणूस असल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून बोट आपोआप पुसायला लागतं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या ईमुआ संस्थेने जी मार्गदर्शिका काढली तिच्यात म्हटलंय की एका ऑपरेटरला साधारण दहा मिनिटांत एकाहून कमी अलार्म यावा. हे वाक्य मी मीटिंगमध्ये वाचून दाखवतो तेव्हा लोक हसतात.

मग करायचं काय? २०१५ मध्ये अमेरिकेत आयसा-१०१ नावाचं एक प्रमाण ठरलं. त्याचा गाभा कालनिर्णयासारखाच आहे. स्क्रीन्सच्या चार पायऱ्या करा. पहिल्या पायरीवर एकच स्क्रीन, सगळ्या कारभाराचा. तो कधीही झाकला जाऊ नये. दुसऱ्यावर एकेका विभागाचे, जिथून रोजचं काम होतं. तिसऱ्यावर तपशील, चौथ्यावर दुरुस्तीवाल्यांची माहिती. आणि वरून खाली जाताना वाट कुठेही तीच, परत येण्याचं बटण कायम त्याच कोपऱ्यात.

ऐकायला अगदी सोपं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी स्क्रीन कसे बनतात? इंजिनियर लोकांकडे कारखान्याची पाइपांची ड्रॉइंग्ज असतात, शंभर-दीडशे शीट्स. एक शीट, एक स्क्रीन! जिथे कागद संपला तिथे स्क्रीन संपला. मनोऱ्यात जाणारी पाइप शीट नंबर १७ वर असेल आणि बाहेर येणारी २३ वर, तर तसंच. कागदाच्या आकाराने माणसाची नजर कापली जाते. एका पाण्याच्या केंद्रात (नाव नको, आमच्या राज्यातलं नव्हे) मेन्यूमधली नावं इंग्रजी बाराखडीप्रमाणे लावलेली होती: बेसिन, केमिकल, क्लिअरवेल, फिल्टर, इनटेक. पाणी बिचारं बाराखडी शिकलेलं नसतं. ते नदीतून इनटेकला येतं, औषध पडतं, बेसिनमध्ये गाळ बसतो, फिल्टरमधून गाळून टाकीत जातं आणि तिथून गावात. ऑपरेटरच्या डोक्यात हाच क्रम असतो, कारण तो रोज त्याच वाटेने फेरी मारतो. आम्ही मेन्यू त्या वाटेने लावला. बाकी काही केलं नाही, तरी तिथल्या बाई ऑपरेटर म्हणाल्या की आता बोटं आपली आपण जातात.

कोणत्याही नव्या ठिकाणी गेलो की मी आधी कागदपत्रं बघत नाही. मॉनिटरच्या चौकटीला चिकटवलेले पिवळे कागद बघतो. "फिल्टर ४ साठी पान ८६." "हा पंप हिरवा म्हणजे बंद!!" "३१ बघितल्यावर ५२ बघ." प्रत्येक पिवळा कागद म्हणजे आमच्यासारख्या कोणीतरी न केलेलं काम आहे, जे ऑपरेटरने स्वतःच्या पेनाने केलं. '३१ बघितल्यावर ५२' हा कागद तर सोन्याचा. ३१ आणि ५२ मधलं काहीतरी एका ठिकाणी हवं आहे, असं तो ओरडून सांगतो. ही युक्ती ऑपरेटर लोक फार पूर्वीपासून करत आले आहेत. एका अमेरिकन अणुवीज केंद्रात दोन दांडे दिसायला हुबेहूब सारखे होते, तर तिथल्या लोकांनी त्यांच्यावर वेगवेगळ्या बिअरच्या नळांच्या मुठी बसवल्या. डोनाल्ड नॉर्मन यांच्या पुस्तकात त्याचा फोटो आहे.

त्या 'हिरवा म्हणजे बंद'बद्दल दोन शब्द. विजेच्या क्षेत्रात, आपल्याकडेही आणि इथेही, ब्रेकर जोडलेला, म्हणजे वीज वाहते आहे, तर लाल. उघडा असेल तर हिरवा. लाल म्हणजे हात लावू नकोस. रासायनिक कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी उलट: हिरवा म्हणजे चालू. आता एकाच डेटा सेंटरमध्ये विजेचे ब्रेकर आणि पाण्याचे चिलर दोन्ही असतात, दोन वेगळ्या कंपन्यांनी स्क्रीन केलेले, आणि ऑपरेटर एकच. शिवाय युरोपीय वंशाच्या दर बारा पुरुषांत एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून आम्ही हल्ली नेहमीच्या सगळ्या गोष्टी करड्या रंगात काढतो आणि रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवतो. त्या रायगडच्या सरळ उभ्या काट्यांसारखं: सगळं ठीक असेल तर डोळ्यांत काही भरूच नये.

या करड्या रंगावरून माझी जेवढी भांडणं झाली तेवढी संसारात झाली नसतील. ऑपरेटर मंडळींना दोन शिफ्टमध्ये तो आवडायला लागतो. विरोध होतो तो वरून. एका व्हाइस प्रेसिडेंटने डेमो पाहून मला विचारलं, "हे असं मेलेलं का दिसतंय?" त्यांना फिरणारे पंप हवे होते, चमकणाऱ्या टाक्या, आत निळ्या लाटा. पाहुण्यांना दाखवायला बरं असतं ना! आणि आमच्याकडे नवीन येणारी मुलं-मुली, हुशार असतात, पण त्यांना सगळं फोनसारखं करायचं असतं. तीन आडव्या रेघांचं बटण, त्याच्या आत मेन्यू, मेन्यूच्या आत मेन्यू. म्हणजे पडदा छान मोकळा दिसतो आणि हवी ती गोष्ट तीन दारांआड जाते. शांत दुपारी ती तीन दारं उघडायला काहीच वाटत नाही. हूटर वाजत असताना, फोनवर सुपरवायझर ओरडत असताना आणि वर उघडलेली छोटी चौकट नेमका हवा तो आकडा झाकत असताना प्रत्येक दार जड होतं. म्हणून आमचा एक साधा दंडक आहे: अलार्मच्या ओळीवर बोट ठेवलं की एका टिचकीत तो प्रश्न जिथे सोडवता येईल तो स्क्रीन समोर यायला हवा. कुठे चूक आहे हे संगणकाला माहीत असताना माणसाने शोधत का फिरायचं?

हे सगळं मी मुद्दाम आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत कंट्रोल रूम्स एकत्र करण्याची लाट आलेली आहे. चार केंद्रांच्या चार खोल्या बंद करायच्या आणि शंभर मैलांवरच्या एकाच खोलीतून चारही चालवायच्या. तांत्रिकदृष्ट्या काही कठीण नाही, पैसे वाचतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या कंपनीला कामही मिळतं. पण भिंत जाऊन पडदा आला तेव्हा निदान खिडकीबाहेर कारखाना होता. वाफ वेगळी दिसली, वास आला, पंपाचा आवाज बदलला तर कळायचं. आता तेही गेलं. जे पडद्यावर नाही ते ऑपरेटरच्या जगातच नाही. आणि स्क्रीन्सची संख्या चौपट, माणूस तोच. टेक्सास सिटीच्या त्या ऑपरेटरकडे तीन युनिट्स होती, हे मी वर सांगितलंच.

त्यामुळे नवीन काम घेताना किती स्क्रीन्स, कोणतं सॉफ्टवेअर हे विचारण्याच्या आधी मी हल्ली एक प्रश्न विचारतो: रात्री तीन वाजता या खोलीत किती माणसं असतात? मॅनेजर लोक सहसा 'दोन' म्हणतात. मग मी ऑपरेटरला वेगळं विचारतो. मागच्या हिवाळ्यात एका ठिकाणी उत्तर मिळालं, "एक. आणि तो फेरी मारायला बाहेर गेला असेल तर एकही नाही."

तिथला पहिल्या पायरीचा स्क्रीन आम्ही डेस्कवर ठेवलाच नाही. मोठा टी.व्ही. आणून दारासमोरच्या भिंतीवर लावला, फेरीवरून परत येणाऱ्याला उंबऱ्यातूनच दिसेल असा. त्या टी.व्ही.चे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे यावर त्यांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.